विमान थांबले, मैल उरले

वारंवार विमानाने जाणाऱ्यांच्या खात्यावर कंपनी 'मैल' जमा करते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना आणली आणि पुढे ती रीत जगभर पसरली. प्रवासी या मैलांना पुंजी समजतो. खरे तर तो नुसता वायदा असतो. कंपनी बुडाली की हा प्रवासी धनकोंच्या रांगेत अगदी मागे जाऊन उभा राहतो.

ऑस्ट्रेलियातली अ‍ॅन्सेट ही १९३६ सालापासूनची कंपनी. सप्टेंबर २००१ मध्ये ती कोसळली आणि लोकांनी वर्षानुवर्षे साठवलेले मैल कवडीमोल झाले.

आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजचे मात्र निराळेच घडले. तिची मैलांची योजना २०१४ साली स्वतंत्र कंपनी झाली होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा अबुधाबीच्या एतिहादचा होता. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून निघून मुंबईला उतरले. मैल मात्र शाबूत राहिले. त्याच वर्षी त्यांना 'इंटरमाइल्स' हे नवे नाव मिळाले. इतर कंपन्यांची तिकिटे, हॉटेले यांसाठी ते चालत राहिले.

ज्यांनी ती विमाने उडवली, दुरुस्त केली, त्यांचे पगार मात्र थकलेलेच होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

पगार हाही कंपनीचा वायदाच. मैलांसाठी वेगळी तिजोरी झाली होती. घामासाठी ती कुणी केली नव्हती.