तेल हवेतलं, पेंड मातीतली

मागच्या भागात आपण तेलघाण्याबद्दल बोललो. आज तेल काढून झाल्यावर जे मागे उरतं, त्याबद्दल बोलू. पुण्या-साताऱ्याकडे त्याला पेंड म्हणतात, विदर्भात ढेप. तुमच्यापैकी जे बडोद्याला आहेत ते खोळ म्हणत असतील, बेळगाव-धारवाडकडचे हिंडी, आणि इंदूरच्या बाजारात सोयाबीनच्या पेंडीचं नावच डीओसी. शब्द इतके वेगळे, पण 'तेल काढलं, आता हा चोथा' ही समजूत मात्र सगळीकडे सारखी. सोयाबीनच्या शंभर किलोंतून तेल निघतं साधारण अठरा किलो, उरलेले ऐंशी-ब्याऐंशी किलो म्हणजे पेंड. मग चोथा कोणता आणि माल कोणता, हे आधी ठरवायला हवं.

थोडं रसायनशास्त्र लागेल, फार नाही. तेलात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. झाडाला हे तिन्ही हवेतून आणि पाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद आणि पालाश ही जमिनीची खरी पुंजी तेलात जवळजवळ उतरतच नाही, ती पेंडीत राहते. शेंगदाण्याच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, निंबोळी पेंडीत पाच, एरंडीच्या पेंडीत चारच्या वर. (भुईमुगाचं बरंचसं नत्र त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतून आणतात, हे खरं. पण तीळ, जवस, मोहरी, एरंडी यांना ती सोय नाही.) म्हणजे ज्याने तेल विकलं त्याने ऊन-वारा विकला. ज्याने बी विकलं, त्याने शेताचा एक तुकडाच गाडीत भरून दिला.

हे भारत सरकारला लेखी सांगणारा माणूस इंग्रज होता. जॉन ऑगस्टस व्होल्कर. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा हा सल्लागार रसायनतज्ज्ञ १८८९च्या अखेरीस इथे आला, वर्षभर देश फिरला आणि १८९३मध्ये त्याचा जाडजूड अहवाल छापला गेला. भारतीय शेतकरी अडाणी आहे हा साहेबी समज त्याने त्यात साफ नाकारला, म्हणून तो अहवाल आजही आवडीने सांगितला जातो. मला मात्र त्यातला खतांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या काळी आपली जवस इंग्लंडच्या गिरण्यांत जात होती, भुईमूग मद्रास-पाँडिचेरीकडून मार्सेला. तिथे तेल निघे, पेंड तिथल्या गुरांना घातली जाई आणि शेण तिथल्या शेतात पडे. व्होल्करला या पेंडीची किंमत घरातूनच ठाऊक होती, कारण त्याचे वडीलही कृषिरसायनतज्ज्ञ होते आणि पेंडीतली भेसळ तपासण्यात त्यांचा हातखंडा होता. तेलबिया बाहेर जाणं म्हणजे जमिनीचा कस बाहेर जाणं, आणि तेल इथेच काढून पेंड इथे राहिली तर तेल विकण्यात नुकसान नाही, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ.

मग निर्यात बंद का केली नाही? १९२६ ते १९२८ या काळात लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शाही कृषी आयोग बसला, त्याच्यापुढे हीच मागणी आली. आयोगाने ती मान्य केली नाही. निर्यात अडवली की इथला भाव पडेल आणि फटका बी पिकवणाऱ्यालाच बसेल, हे त्याचं कारण. वसाहतीच्या आयोगाचं म्हणणं म्हणून ते झटकून टाकावंसं वाटतं, पण प्रश्न खरा होता. जमिनीचं हित आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा हे दोन्ही एकाच पोत्यात बांधलेले होते.

यातून वाट काढायचा एक प्रयत्न वर्ध्यात झाला. १९३४मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा संसार मांडला आणि झवेरभाई पटेलांनी बैलाचा घाणा सुधारायला घेतला. गिरणीवाल्यांचा टोमणा असे की घाण्याच्या पेंडीत दहा-बारा टक्के तेल वाया जातं. वर्धेकरांचा हिशेब वेगळा होता. ते तेल वाया कुठे गेलं, ते गावच्या बैलाच्या पोटात गेलं. बी गावात, तेल गावात, पेंड गावात. हिशेब बरोबर होता, पण बाजार दुसऱ्या दिशेने चालला होता. एक्सपेलर आले, मग हेक्सेनने तेल धुऊन काढणारे कारखाने आले आणि पेंडीत टक्काभरही तेल उरेना. १९६३मध्ये मुंबईत या कारखानदारांची संघटना उभी राहिली. पेंड आता वॅगन भरून परदेशी जाऊ लागली, म्हणजे व्होल्करचं अर्धंच ऐकलं गेलं.

गोड पेंड गुरं खातात, म्हणून तिला गिऱ्हाईक खूप. कडू आणि विषारी पेंडींची गोष्ट निराळी. एरंडीच्या पेंडीत रिसिन असतं, जनावराला चालत नाही, म्हणून ती मुकाट उसाच्या नि फळबागांच्या मुळाशी गेली. मोहाच्या पेंडीतल्या सॅपोनिनने मासे मरतात. बंगाल-ओडिशातले मत्स्यशेतकरी बीज सोडण्याआधी तीच तळ्यात टाकतात. नको असलेले मासे मरतात, काही दिवसांनी विष उतरतं आणि उरलेली पेंड तळ्याचं खत होते.

पण या कडू घराण्याचा राजा कडुनिंब. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांचं काम हाती घेतलं ते साबणासाठी, कारण खायचं तेल साबणात घालणं परवडेना. निंबोळीचं तेल साबणाला गेलं आणि पेंडीचे ढीग पडले. पुण्यात सी. एम. केतकरांनी या पेंडीच्या उपयोगांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत बैन्स, प्रसाद आणि भाटिया यांनी भातात नत्राची नासाडी थांबवण्यासाठी देशी पदार्थ वापरून पाहिले, त्यांचा लेख १९७१चा. युरिया जमिनीत पडला की त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं किंवा वायू होऊन उडतं. निंबोळीतले कडू घटक त्या जिवाणूंचा वेग कमी करतात. नत्र पिकाच्या वाट्याला जास्त वेळ राहतं.

शेतकऱ्याला सांगितलेली कृती मात्र अशी: किलोभर डांबर दोन लिटर रॉकेलमध्ये विरघळवा, शंभर किलो युरियाला चोळा, वर वीस किलो बारीक पेंड टाकून घोळवा, सावलीत वाळवा. पेरणीच्या घाईत हे कोण करणार? तज्ज्ञांच्या शिफारशी अनेकदा रिकाम्या वेळेचा शेतकरी गृहीत धरतात. शेवटी पेंड मागे पडली आणि कारखान्यातच तेलाचा फवारा मारायची रीत बसली. टनाला किमान ३५० ग्रॅम निंबोळी तेल, एवढंच. २००८मध्ये उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंतच परवानगी होती, २०१५मध्ये सगळा देशी युरिया असा करणं सक्तीचं झालं. नत्र वाचावं हे एक कारण. अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकात आणि भेसळीच्या दुधात जाऊ नये, हे दुसरं. कडूपणाला पहारेकरी नेमलं, असं म्हणा ना.

तेलाच्या रिफायनरीत अजून एक गाळ निघतो, त्याकडे शेतीवाल्यांचं लक्ष कमीच असतं. कच्च्या तेलातली आम्लं काढायला कॉस्टिक सोडा घालतात, त्यातून साबणासारखा चिकट सोपस्टॉक खाली बसतो. त्यावर गंधकाम्ल ओतून साबणवाल्यांचं तेल काढून घेतात आणि मागे सोडियमचं खारं पाणी उरतं. ते शेताला वैरी. सोड्याऐवजी पोटॅशची अल्कली वापरली आणि गंधकाम्लानंतर उरलेलं आम्ल अमोनियाने शमवलं, तर त्याच पाण्यात पालाश, गंधक नि नत्र येतं, म्हणजे खत होतं. रीत जुनी आहे. पण सोडा स्वस्त, आणि पोटॅश आपण जवळजवळ सगळं परदेशातून आणतो. म्हणून आयातीचं पोटॅश शेतात आणि स्वस्त सोडा गटारात, असा व्यवहार चालतो.

आणि १९२८चा वाद? जुलै २०२३मध्ये सरकारने तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याची निर्यात थांबवली. पशुखाद्य महागलं होतं, दुधाचे भाव चढत होते. बंदीला मग मुदतवाढ मिळत गेली. इकडे गोठेवाल्याला कोंडा स्वस्त हवा होता, तिकडे निर्यातीवर जगणारे बंगालचे कारखाने माल पडून राहतो म्हणून ओरडत होते. ज्या भाताच्या शेतातून तो कोंडा आला, त्या शेताच्या बाजूने बोलणारं या वेळी कुणी नव्हतं.