ब्रिटिश राजे-राण्यांचे आयुर्मान

ब्रिटनच्या गादीवर बसलेल्या राजे-राण्यांना लाभलेल्या आयुष्याचा आढावा. १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड ही राज्ये एक झाली. तेव्हापासूनचे राज्यकर्ते येथे मुख्यतः विचारात घेतले आहेत. राणी ॲनपासून दुसऱ्या एलिझाबेथपर्यंत असे १२ जण होऊन गेले. मृत्यूसमयी पूर्ण झालेली त्यांची वर्षे क्रमाने अशी : ॲन ४९, पहिला जॉर्ज ६७, दुसरा जॉर्ज ७६, तिसरा जॉर्ज ८१, चौथा जॉर्ज ६७, चौथा विल्यम ७१, व्हिक्टोरिया ८१, सातवा एडवर्ड ६८, पाचवा जॉर्ज ७०, आठवा एडवर्ड (पदत्यागानंतर) ७७, सहावा जॉर्ज ५६ आणि दुसरी एलिझाबेथ ९६. सरासरी साधारण साडेएकाहत्तर वर्षे येते. सहस्रचंद्रदर्शनाचे वय या बारांपैकी तिघांनीच गाठले : तिसरा जॉर्ज, व्हिक्टोरिया आणि दुसरी एलिझाबेथ.

गादीवर येणारा माणूस मुळातच बालपणातून निभावून आलेला असतो, हे या आकड्यांकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते. राणी ॲन किमान १७ वेळा गरोदर राहिली होती, असे धरले जाते. त्यांतला एकच मुलगा, ग्लॉस्टरचा ड्यूक विल्यम, जरा मोठा झाला; तोही १७०० च्या जुलैत अकराव्या वर्षी गेला. तो जगता तर हॅनोव्हरचे घराणे इंग्लंडात आलेच नसते. राजघराण्याच्या आयुर्मानाचा खरा हिशेब मांडायचा तर हे रिकामे झालेले पाळणेही मोजले पाहिजेत. पण राज्यकर्त्यांच्या याद्यांत त्यांना जागा नसते.

१७०७ पूर्वीचा काळ : ट्यूडर घराण्यातील पाच राज्यकर्त्यांची सरासरी (लेडी जेन ग्रे वगळून) ४७ वर्षांच्याही आत राहते. सहावा एडवर्ड १५ व्या वर्षी गेला, पहिली मेरी ४२ व्या. पहिल्या एलिझाबेथने मात्र १५६२ मध्ये देवीच्या आजारातून उठून वयाची ६९ वर्षे पूर्ण केली. स्टुअर्ट घराण्यात पहिल्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला, दुसरी मेरी १६९४ मध्ये देवी येऊन ३२ व्या वर्षी वारली, आणि तिचा पती तिसरा विल्यम घोड्यावरून पडून गळ्याचे हाड मोडल्यानंतरच्या आजारात १७०२ मध्ये गेला. दुसऱ्या चार्ल्सला २ फेब्रुवारी १६८५ रोजी सकाळी झटका आला. पुढचे चार दिवस त्याच्या डॉक्टरांनी रक्त काढणे, डागणे, रेचके देणे यांपैकी काही शिल्लक ठेवले नाही. त्यांतला एक, चार्ल्स स्कारबरो, याने लिहून ठेवलेला लॅटिन वृत्तांत वाचताना आजही अंगावर काटा येतो. आजाराने किती आणि उपचाराने किती, हा प्रश्न तो वृत्तांतच उभा करतो. ट्यूडरांआधीच्या नॉर्मन आणि प्लँटॅजेनेट राजांपैकी कित्येकांची जन्मवर्षे अंदाजाने धरलेली आहेत.

इंग्लंडच्या गादीवर नॉर्मन काळापासून सत्तरी ओलांडणारा पहिला राजा म्हणजे दुसरा जॉर्ज. स्कॉटलंडचा दुसरा रॉबर्ट त्याच्या कितीतरी आधी, १३९० मध्ये, ७४ व्या वर्षी वारला होता. राजा नसलेला, पण काही महिने राष्ट्रप्रमुख राहिलेला रिचर्ड क्रॉमवेल १७१२ मध्ये ८५ वर्षांचा होऊन गेला. दुसऱ्या एलिझाबेथने त्याला मागे टाकायला २०१२ साल उजाडावे लागले.

वयमोजणीतील अडचण : १७५२ पर्यंत ब्रिटनमध्ये जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. ती सोडताना त्या वर्षीच्या सप्टेंबरातून ११ दिवस गाळले गेले. त्याआधी जन्मलेल्यांच्या वयात यामुळे हमखास घोटाळा होतो. तिसऱ्या जॉर्जचा जन्म जुन्या कालगणनेने २४ मे १७३८ रोजी, नव्या कालगणनेने ४ जून रोजी झाला. मृत्यू २९ जानेवारी १८२० चा. जुनी जन्मतारीख तशीच धरली तर त्याचे वय ८१ वर्षे २५० दिवस भरते, आणि ८१ वर्षे २४३ दिवस जगलेली व्हिक्टोरिया त्याच्या मागे पडते. दोन्ही तारखा एकाच कालगणनेत आणल्या की त्याचे वय ८१ वर्षे २३९ दिवस होते आणि व्हिक्टोरिया चार दिवसांनी पुढे जाते. नात आणि आजोबा यांच्यातला हा क्रम केवळ कालगणनेवर अवलंबून आहे. व्हिक्टोरियाची जन्मतारीखही २४ मे हीच (१८१९), त्यामुळे गोंधळात भर पडते. दुसऱ्या एलिझाबेथने डिसेंबर २००७ मध्ये व्हिक्टोरियाला वयात मागे टाकले आणि हा वाद मिटला.

दुसरा जॉर्ज : शवविच्छेदनाचा सविस्तर कागद उपलब्ध असलेला आणि वैद्यकाच्या इतिहासात म्हणून मोलाचा ठरलेला हा राजा. २५ ऑक्टोबर १७६० रोजी केन्सिंग्टन राजवाड्यात तो नेहमीप्रमाणे सहाच्या सुमारास उठला, कपभर चॉकलेट प्याला आणि शौचाच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला. खिदमतगार धावला तेव्हा राजा जमिनीवर पडलेला होता. पडताना कपाळाच्या उजव्या बाजूला जखम झाली होती. दुसऱ्या दिवशी राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शव उघडले. हृदयाच्या आवरणात जवळजवळ एक पाइंट गोठलेले रक्त साठले होते. त्याच्या दाबाने हृदय आवळले गेले होते. महारोहिणीच्या आतल्या अंगाला सुमारे दीड इंचाची आडवी चीर होती आणि त्या चिरेतून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरले होते. निकोल्स यांनी हे सारे पत्ररूपाने रॉयल सोसायटीला कळवले व ते सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. महारोहिणीच्या भिंतीचे थर असे विलग होण्याचे हे पहिले स्वच्छ वर्णन मानले जाते. ज्या शरीराला हात लावायलाही परवानगी लागे, त्याच शरीराने मृत्यूनंतर वैद्यकाला एवढे मोठे दान दिले. आजही ही अवस्था तासाभरात जीव घेऊ शकते. निकोल्स यांनी ती नुसत्या डोळ्यांनी, दिव्याच्या उजेडाच्या काळात, बरोबर ओळखली होती.

तिसरा जॉर्ज : राज्यकाल ५९ वर्षे ९६ दिवस, त्यांतली शेवटची नऊ वर्षे नावापुरती. १७८८ च्या हिवाळ्यात राजाचे बोलणे थांबेनासे झाले, झोप उडाली. संसदेच्या समितीने त्याच्या डॉक्टरांची चौकशी केली आणि त्यांची उत्तरे छापली गेली. एका रुग्णाचा आजार देशाच्या राजकारणाचा विषय झाल्यामुळे आपल्याला त्याची एवढी तपशीलवार माहिती मिळते. फ्रान्सिस विलिस याने त्याला बंधनाचा अंगरखा घालून आणि कातडीवर फोड आणणारी औषधे लावून वठणीवर आणण्याचा मार्ग धरला. पुढे १८०१ आणि १८०४ मध्ये दुखणे उलटले. १८१० च्या नोव्हेंबरात लाडकी मुलगी अमेलिया गेली, त्या सुमारास तो पुन्हा कोसळला, आणि ५ फेब्रुवारी १८११ रोजी थोरला मुलगा राजप्रतिनिधी झाला. अखेरची वर्षे विंडसरला आंधळेपणात आणि बहिरेपणात गेली. पत्नी शार्लट १८१८ मध्ये वारली हेही त्याला उमगले नाही, असे सांगतात.

हा आजार कोणता, याबद्दल मतभेद आहेत. १९६६ मध्ये आयडा मॅकॲल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मायलेकांनी तो पॉर्फिरिया, म्हणजे रक्तातील एका घटकाच्या घडणीतील आनुवंशिक बिघाड, असल्याचे मांडले. लघवीचा रंग बदलल्याच्या नोंदी त्यांचा मुख्य आधार होत्या. नंतरच्या अभ्यासकांचा कल उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या मनोविकाराकडे आहे. २००५ मध्ये राजाच्या केसांच्या तपासणीत आर्सेनिकचे मोठे प्रमाण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ते त्याला दिलेल्या अँटिमनीच्या औषधांतून आले असावे, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की असे उपचार सोसूनही हे शरीर ८१ वर्षे टिकले.

चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम : पहिला ६७ व्या, दुसरा ७१ व्या वर्षी वारला. विल्यम गादीवर आला तेव्हा ६४ वर्षांचा होता. चौथ्या जॉर्जची एकुलती एक मुलगी शार्लट नोव्हेंबर १८१७ मध्ये, मृत बाळाला जन्म दिल्यानंतर काही तासांत, २१ व्या वर्षी गेली. तिचे बाळंतपण पाहणारे रिचर्ड क्रॉफ्ट यांनी पुढच्याच वर्षी आत्महत्या केली. या मृत्यूनंतर शार्लटच्या काकांची वारसासाठी लगबगीने लग्ने झाली आणि त्यांतून व्हिक्टोरिया जन्मली.

व्हिक्टोरिया : नऊ बाळंतपणे, नऊही मुले मोठी झाली, त्या काळात हे दुर्मीळ होते. ७ एप्रिल १८५३ रोजी लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिला. राणीनेच ते घेतल्यामुळे बाळंतपणातील वेदनाशमनाला असलेला विरोध ओसरू लागला. याच लिओपोल्डला रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार, हीमोफिलिया, होता व तो ३० व्या वर्षी गेला. हा आजार व्हिक्टोरियाच्या मुलींमार्फत रशिया व स्पेनच्या राजघराण्यांत पोचला.

तिचा खासगी डॉक्टर जेम्स रीड सुमारे २० वर्षे सेवेत होता. पण अखेरच्या दुखण्यापर्यंत त्याने राणीला बिछान्यात पडलेले कधी पाहिले नव्हते. तिचे अंग खाली आलेले होते आणि हर्नियाही होता, हे त्याला ती गेल्यावर कळले. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बर्न हाउसमध्ये एका बाजूने रीड आणि दुसऱ्या बाजूने नातू कैसर विल्हेल्म तिला हाताने सावरून बसले होते. शवपेटीत काय काय ठेवायचे याची यादी तिने आधीच करून दिली होती. तीत पती अल्बर्ट याचा घरात घालायचा झगा आणि त्याच्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा होता.

तिच्या लांबलेल्या राज्याशी महाराष्ट्राचा एक थेट धागा जोडलेला आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीत राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. मराठी घरांत राणीछाप रुपया हा शब्दही तिच्याच काळाने दिला.

तंबाखू आणि चार राजे : सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज हे चौघेही ओढणारे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. दोनच दिवस आधी फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच त्याच्या आंत्रपुच्छाजवळचा पू काढला आणि अभिषेक ९ ऑगस्टला झाला. ती शस्त्रक्रिया त्या काळी धाडसाची होती. राजाने ती करून घेतल्यामुळे लोकांची भीती कमी झाली. पुढे १९१० मध्ये त्याला नेले ते श्वासनलिकेच्या दुखण्याने आणि हृदयाने. मुंबईचे केईएम रुग्णालय त्याच्या नावाचे आहे. आठवा एडवर्ड १९७२ मध्ये पॅरिसला घशाच्या कर्करोगाने गेला. सहाव्या जॉर्जचे डावे फुप्फुस २३ सप्टेंबर १९५१ रोजी काढले. जाहीर पत्रकात कर्करोग हा शब्द नव्हता, फुप्फुसाच्या रचनेत बदल झाल्याचे म्हटले होते. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी पहाटे सँड्रिंगहॅमला झोपेतच हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय ५६, ॲननंतर गादीवर बसलेल्यांत सर्वांत कमी.

पाचव्या जॉर्जचा (आपल्याकडे पंचम जॉर्ज) मृत्यू २० जानेवारी १९३६ रोजी रात्री ११:५५ ला नोंदला आहे. त्याचा डॉक्टर लॉर्ड डॉसन याच्या टिपणांवरून १९८६ मध्ये उघड झाले, की रात्री अकराच्या सुमारास त्याने राजाच्या मानेच्या शिरेत मॉर्फीन आणि मग कोकेन टोचले. मरण लांबू नये हे एक कारण. बातमी संध्याकाळच्या वृत्तपत्रांऐवजी सकाळच्या 'टाइम्स'मध्ये यावी हे दुसरे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. मरणासन्न माणसाच्या संमतीवाचून केलेली ही कृती समर्थनीय नाही, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे. इतिहासकारांत याबाबत एकवाक्यता नाही.

राज्यकर्त्यांचे जोडीदार : सहाव्या जॉर्जची पत्नी एलिझाबेथ १०१ वर्षे (१९००–२००२), दुसऱ्या एलिझाबेथचे पती फिलिप ९९ वर्षे (१९२१–२०२१).

दुसरी एलिझाबेथ : जन्म २१ एप्रिल १९२६, मृत्यू ८ सप्टेंबर २०२२, बॅल्मोरल. आयुष्य ९६ वर्षे १४० दिवस; राज्यकाल ७० वर्षे २१४ दिवस. दोन दिवस आधी तिने नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांची नेमणूक केली होती. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद मुलगी ॲन हिने केली. दाखल्यात वेळ दुपारी ३:१० अशी आहे आणि कारणाच्या रकान्यात वार्धक्य एवढेच लिहिले आहे.

तिसरा चार्ल्स : जन्म १४ नोव्हेंबर १९४८. राज्यारोहणाच्या वेळी वय ७३. इतक्या उतारवयात याआधी ब्रिटनच्या गादीवर कोणीही आले नव्हते. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजवाड्याने त्याला कर्करोग झाल्याचे जाहीर केले. या वेळी पत्रकात आजाराचे नाव होते; अवयवाचे नव्हते.