‘बॅक’ शेपटीचं गोत्र

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आर्किटेक्टच्या ऑफिसात एखाद्या प्रकल्पाचा फोल्डर उघडून बघा. नकाशाच्या फाइलीशेजारी त्याच नावाची, पण ‘.बॅक’ अशी शेपटी असलेली दुसरी फाइल बसलेली असते. ती कुणी मुद्दाम बनवत नाही. ऑटोकॅडमध्ये सेव्ह केलं की आधीचा नकाशा पुसला न जाता शेपटी बदलून बाजूला सारला जातो. लाइट गेली आणि चालू फाइल बिघडली, तर मुरलेला ड्राफ्ट्समन ‘.बॅक’ खोडून तिथे ‘.डीडब्ल्यूजी’ लिहितो आणि कामाला लागतो. बाकीच्यांच्या लेखी तो कचरा. या शेपटीचं मूळ शोधायला लागलो तेव्हा वाटलं होतं, फार तर आयबीएमच्या १९८१च्या पीसीपर्यंत जावं लागेल. माग निघाला तो थेट भोकं पाडलेल्या कागदी फितीपर्यंत.

त्यावरून माझं एक मत बनलं आहे, आणि ते सोडायची माझी तयारी नाही. पर्सनल कॉम्प्युटरवरचा बॅकअप कुणी दूरदृष्टीने शोधून काढला, हे खरं नव्हे. तो मागे उरला.

एमआयटीमध्ये १९६१ साली डीईसी कंपनीचा पीडीपी-१ हा संगणक आला. त्याचे प्रोग्राम कागदी फितीवर राहत. फ्लेक्सोरायटरवर टाइप केलं की एका अक्षराला भोकांची एक आडवी रांग पडे. कागदाला पडलेलं भोक काही बुजत नाही. त्यामुळे अक्षर चुकलं तर त्या रांगेतली उरलेली भोकंही पाडून टाकायची, म्हणजे वाचणारं यंत्र ती रांग सोडून देई. आस्की संकेतात ‘डिलीट’चा क्रमांक आजही १२७ आहे, म्हणजे सातही भोकं पाडलेली. ही त्या फितीचीच खूण. पण मध्येच चार नव्या ओळी घालायच्या असतील तर? तिथे जागाच नसे. हा पेच सोडवायला डॅन मर्फीने १९६२च्या सुमारास टेको हा प्रोग्राम लिहिला. त्याचं पूर्ण नाव ‘टेप एडिटर अँड करेक्टर’.

टेकोची रीत साधी होती. जुनी फीत आत घ्यायची, तिचं एक पान मेमरीत आणायचं, दुरुस्ती करून ते कोऱ्या फितीवर पंच करायचं, मग पुढचं पान. मागे फिरता येत नसे. काम संपलं की टेबलावर दोन फिती असत, एक नवी आणि एक जुनी, जशीच्या तशी. जुनी जपून ठेवावी असा निर्णय कुणी घेतलेला नव्हता. तिला हात लावण्याची सोयच नव्हती.

पुढे टेको पीडीपी-६ आणि पीडीपी-१० या थोरल्या यंत्रांवर गेला. तिथे डिस्क होती, जागच्या जागी खोडून लिहिता येत होतं. टेकोने मात्र फितीची सवय सोडली नाही. एका फाइलीतून वाचायचं आणि दुसरीत लिहायचं, हेच चालू राहिलं. अडचण आली ती नावाची. कागदी फितींवर पेन्सिलीने एकच नाव दोनदा लिहिलं तरी बिघडत नाही. डिस्कवर एका नावाच्या दोन फाइली नांदत नाहीत. त्यातून ‘ईबी’ ही आज्ञा आली. नवीला मूळ नाव द्यायचं आणि जुनीला ‘बॅक’ ही शेपटी लावायची. साऱ्या कथेतली कळीची घटना मी हीच मानतो. त्या बॅकअपसाठी एक अक्षरही कॉपी करावं लागलं नाही, नुसतं बारसं पुन्हा झालं.

मग १९७४ साली गॅरी किल्डॉलने मायक्रोकॉम्प्युटरसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिच्यासोबतच्या एडिटरचं नाव ईडी. (ईडी म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात छातीत धस्स होतं; पण हा ईडी जुनी कागदपत्रं जप्त करत नव्हता, मालकाकडेच ठेवत होता.) १६ किलोबाइटच्या मेमरीत अख्खी फाइल मावायची मारामार. म्हणून ‘ए’ या आज्ञेने काही ओळी आत घ्यायच्या, ‘डब्ल्यू’ने त्या तात्पुरत्या फाइलीत बाहेर टाकायच्या. या तात्पुरत्या फाइलीला तीन डॉलर-चिन्हांची शेपटी असे. ‘ई’ म्हटलं की मूळ फाइल ‘.बॅक’ होई आणि डॉलरवालीला मूळ नाव मिळे. मागे टाकलेली ओळ पुन्हा पाहायची तर ‘एच’ देऊन सगळं संपवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. फ्लॉपी गोल फिरत होती, डोकं वाटेल तिथे जाऊ शकत होतं, तरी ईडी तिला फितीसारखंच वागवत होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. मेमरी तोकडी असली की कुणालाही हेच सुचेल. टेकोचं नाव कशाला मध्ये आणता? अर्धा आक्षेप मला मान्य आहे. तोकड्या मेमरीमुळे दोन फाइली का लागल्या ते कळतं. अक्षरं तीच का, ते कळत नाही. ‘सी’ने अक्षरागणिक सरकायचं, ‘डी’ने अक्षर उडवायचं, ‘के’ने ओळ मारायची, ‘एल’ने ओळी ओलांडायच्या, ‘टी’ने छापायचं, ‘आय’ने घालायचं, हे सगळं दोन्हीकडे सारखं. ‘एन’ तर फारच बोलकं आहे. समोरच्या तुकड्यात शब्द सापडला नाही तर पुढचा तुकडा आत ओढून शोधत राहायचं, ही फितीवरच्या माणसाची गरज, आणि तीही दोन्हीकडे त्याच अक्षराला बांधलेली. आज्ञेची वाट पाहताना दोघेही एक फुली दाखवतात. शिवाय किल्डॉलने सीपी/एममधल्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘पिप’ हे नाव ठेवलं, ते डीईसीच्याच यंत्रांवरचं. त्या यंत्रांवर त्याने स्वतः काम केलं होतं. एवढे अवयव जुळल्यावर नातं नाकारणं मला तरी जमत नाही.

दुसरा दावा जास्त तालेवार आहे. तो म्हणतो, बॅकअपचा खरा वंश मोठ्या कंपन्यांच्या हिशेबखात्यातून येतो. तिथे मॅग्नेटिक टेपवर कालची खातेवही आणि आजचे व्यवहार एकत्र वाचून आजची खातेवही तिसऱ्या टेपवर लिहीत. आजची टेप मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा, अशी या पद्धतीची नावंच पडली. श्राद्धात पिंड तीन पिढ्यांचेच असतात, तशी चौथी टेप इथेही पुसून पुन्हा वापरात जाई. टेपांच्या फेऱ्यांवर हुशार लोकांनी पुष्कळ डोकं चालवलं. युनिक्सच्या ‘डंप’ या बॅकअप-प्रोग्रामची माहितीपुस्तिका त्यासाठी हनोईच्या मनोऱ्याचा क्रम थोडा बदलून सुचवते. हे कोडं एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाचं, १८८३चं. त्याच्याबरोबर फिरणारी आख्यायिका मात्र काशीच्या देवळातली, ६४ सोन्याच्या चकत्या हलवणाऱ्या पुजाऱ्यांची. टेप बदलणाऱ्या कारकुनाला काशीचं पुण्य लागत असल्याची कल्पना नसणार.

पण हा वंश आपल्या फाइलीचा नव्हे. हिशेबाचा बाप मुलाला पुन्हा जन्म देऊ शकतो. मुलगा हरवला तर बापाची टेप आणि व्यवहारांची टेप पुन्हा चालवायची, झालं. ‘.बॅक’जवळ मधल्या दुरुस्त्यांची नोंद नसते. गेलेला दिवस तो परत आणत नाही, फक्त कालच्या ठिकाणी नेऊन सोडतो. खातेवहीच्या टेपा हिशेबतपासणीच्या शिस्तीने ठेवल्या जात, ‘.बॅक’ आळसाने राहिला. दोघांना चुलतभाऊ म्हणा हवं तर. मूळ पुरुष एकच: ज्याच्यावर मधे खोडून लिहिता येत नाही असं माध्यम.

खरी गंमत मर्फीच्या पुढच्या कामात आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बीबीएन कंपनीत टेनेक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्यांत तो होता. तिच्यात फाइल लिहिली की तिला नवा क्रमांक मिळे आणि जुन्या क्रमांकाची फाइल राही. टेनेक्सची वारस असलेल्या टॉप्स-२०मध्ये या क्रमांकाला चक्क ‘पिढी’ म्हणत. म्हणजे टेको लिहिणाऱ्यानेच पुढे आजोबा-पणजोबांचीही सोय केली. पर्सनल कॉम्प्युटरने ती उचलली नाही, बापावरच थांबला. याचं कारण माझ्या मते फ्लॉपी. आठ इंची फ्लॉपीवर जेमतेम अडीचशे किलोबाइट; तिथे पणजोबाला खाट कुठे टाकणार?

यापुढचे टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. वर्डस्टारने १९७८ पासून तीच शेपटी टायपिस्टांपर्यंत नेली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलेल्यांनी डिस्क भरली की आधी ‘.बॅक’ उडवल्या असतील. टिम पॅटरसनचा एडलिन मायक्रोसॉफ्टच्या डॉसबरोबर घरोघरी गेला. तोही ए, डब्ल्यू, ई आणि फुली घेऊन आला. त्याची एक खोड मला फार आवडते: ‘.बॅक’ फाइल दुरुस्तीला दिली तर तो नकार देई, आधी नाव बदला म्हणे. बापाच्या अंगाला हात लावू न देणारा दुसरा एडिटर माझ्या पाहण्यात नाही. आणि ऑटोकॅड? त्याच्या १९८२च्या पहिल्या आवृत्त्या सीपी/एमवरही चालत. माहेर तेच.

मुद्दाम वेळ काढून करायचा बॅकअप नंतर आला, हार्ड डिस्कबरोबर. आयबीएमच्या पीसी एक्सटीत १९८३ साली १० मेगाबाइटची डिस्क होती, आणि त्याच वेळी डॉस २.० मध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोर’ या आज्ञा दाखल झाल्या. भरलेली डिस्क उतरवायला ३६० किलोबाइटच्या तीसेक फ्लॉप्या लागत. एकामागून एक घालायच्या, क्रमांक लिहायचे. जे फुकट मिळत होतं त्याला आता अख्खी दुपार लागू लागली. ‘.बॅक’ला बॅकअप म्हणूच नये, डिस्क जळली तर दोन्ही फाइली एकत्रच जातात, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रत हवीच. पण डिस्क जळण्याआधी आपला स्वतःचा हातच नको तिथे ‘सेव्ह’ दाबून मोकळा होतो, आणि त्या प्रसंगी कपाटातल्या महिन्यापूर्वीच्या प्रतीपेक्षा शेजारचा बाप उपयोगी पडतो.

अॅप्सच्या वाट्याला हा बाप कधी आलाच नाही, कारण ती कुणी एडिटरमधून लिहीत नाही. सीपी/एमवर बरेचसे प्रोग्राम म्हणजे एकदोन फाइली, ‘पिप’ने उचलल्या की काम झालं. आपला कॉपीराइट कायदाही कलम ५२मध्ये विकत घेतलेल्या प्रोग्रामची सुरक्षेपुरती प्रत करायला मुभा देतो. कायद्याची हरकत नव्हती. विंडोज ९५ने घोळ घातला. अॅपचे धागेदोरे रजिस्ट्री या विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीत जाऊन बसले आणि नुसता फोल्डर कॉपी करून अॅप चालेना. पण रजिस्ट्रीची काळजी विंडोज ९५ कशी घेत असे पाहा: कॉम्प्युटर नीट सुरू झाला की ‘सिस्टीम.डॅट’ची एक प्रत ‘डीए०’ या शेपटीने ठेवायची. पुन्हा एकच पिढी.

आता तर माध्यमच परत फितीच्या वळणावर गेलं आहे. लॅपटॉपमधल्या एसएसडीत फ्लॅश मेमरी असते, आणि तिच्यावर लिहिलेलं पान जागच्या जागी बदलता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून तिचा कंट्रोलर नवं पान दुसरीकडे लिहितो आणि जुनं तसंच पडू देतो, मर्फीच्या टेबलावरच्या जुन्या फितीसारखं. फरक एवढाच की त्या जुन्या पानाला नाव नसतं, आणि कंट्रोलर सवडीने त्याचा ब्लॉक झाडून टाकतो. अॅपलने २०१७ साली मॅकवर आणलेल्या एपीएफएससारख्या फाइल-व्यवस्था त्याच्या वरच्या मजल्यावर हेच करतात: नवं दुसरीकडे लिहायचं आणि जुन्याला हवं तर ‘स्नॅपशॉट’ असं नाव द्यायचं. इथेही त्या क्षणी कॉपी काहीच होत नाही. ‘ईबी’ आज्ञेचं काम इतकंच होतं.