‘बाहेरचे नकोत’ : एका प्रचलित मताचा परामर्श

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल खानदेशात एक मत इतके रुळले आहे की, ते तपासून पाहावे असेही आता कुणाला वाटत नाही. शाळा शिक्षकांनी चालवावी, खर्च शासनाने करावा आणि बाहेरच्यांनी शाळेच्या कामात लुडबुड करू नये, असे ते मत. मग ते बाहेरचे मुंबई-पुण्याचे शास्त्रज्ञ असोत, स्वयंसेवी संस्था असोत की गावातलेच कारागीर. हे मत सभांमधून ऐकू येते, पारावर ऐकू येते आणि शिक्षणाची खरी तळमळ असलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. ते मांडणारे शाळेचे वैरी नाहीत. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे भाग आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरसारख्या गावात मागे पडणाऱ्या मुलाला बरोबरीला आणायचे असेल, तर जिल्हा परिषदेने नाना प्रकारच्या जाणकारांना शाळेत रीतसर बोलावलेच पाहिजे. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. पहिला आक्षेप जबाबदारीचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे; बाहेरच्यांना आत घेणे ही ती झटकण्याची पहिली पायरी ठरेल. ही भीती हवेतली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने दत्तक शाळा योजना जाहीर केली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी ५० लाख किंवा दहा वर्षांसाठी १ कोटी रुपये मूल्याची मदत देऊन दत्तक घ्यावी आणि देणगीदाराची इच्छा असल्यास त्याने सुचवलेले नाव शाळेला जोडता यावे, अशी तिची रचना होती. दुसरा आक्षेप तज्ज्ञतेचा. वर्गात उभा राहणारा शिक्षक प्रशिक्षित आहे, पात्रता परीक्षा देऊन आलेला आहे. चाळीस मुले एकाच वेळी सांभाळायची म्हणजे काय, हे पाहुण्याला काय कळणार? तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. बाहेरचे येतात, प्रकल्प राबवतात, छायाचित्रे काढतात, अहवाल लिहितात आणि निघून जातात. मागे उरते ती शिक्षकाच्या माथी मारलेली माहिती भरण्याची कामे. चौथा आक्षेप सर्वांत मर्मभेदी आहे. सर्वांना एकच पाठ्यपुस्तक, एकच गणवेश, एकच अभ्यासक्रम हीच समता. कुणासाठी एक तज्ज्ञ आणि कुणासाठी दुसरा, ही तर भेदाचीच सुरुवात.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तिन्ही त्याच्याच आधाराने उभे आहेत.

सोनगीर आणि आसपासच्या गावांत घराघरांत अहिराणी बोलली जाते. पहिलीतले मूल म्हणते, ‘माय वावरमा गई.’ पुस्तक म्हणते, ‘आई शेतात गेली.’ तीन शब्दांचे वाक्य आणि तिन्ही शब्द वेगळे. ज्याच्या घरी पुस्तकी मराठीच बोलतात त्या मुलाला पहिलीत फक्त अक्षरे शिकायची असतात; अहिराणी घरातल्या मुलाला अक्षरेही शिकायची असतात आणि ती ज्या बोलीत लिहिली आहेत ती बोलीही. शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलासाठी हे अंतर आणखी मोठे. दोघांच्या हाती एकच पुस्तक दिले म्हणजे दोघांना सारखे दिले, असे म्हणता येईल का? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास केला. वंचित घरांतली मुले विज्ञानात मागे पडतात याचे एक मोठे कारण पुस्तकाची अवघड भाषा आहे, ती सोपी केली की त्याच मुलांची समज वाढते, असे त्यांना दिसले. दोष बुद्धीत नव्हता. तो शोधायला मात्र वर्गाबाहेरून पाहणारी नजर लागली.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. पण बदलीने दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या गुरुजींना पावरी कुठून यावी? त्यांचा त्यात काय दोष? ती येते त्या पाड्यावरच्या आईला, बारावी झालेल्या तरुणीला आणि त्या भाषेचा अभ्यास केलेल्या भाषातज्ज्ञाला. या तिघांनाही ‘बाहेरचे’ ठरवून दाराबाहेर उभे करायचे आणि आत समतेचे धडे द्यायचे, ही विसंगती आहे.

आता तज्ज्ञतेचा आक्षेप. शिक्षक तज्ज्ञ आहेच. प्रश्न एवढाच की एकाच माणसाने सगळ्या गोष्टींचा तज्ज्ञ असावे, ही अपेक्षा कुणी ठरवली? मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणी वर्गात मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोन तास वेगळे घेऊन वाचन आणि अंकगणित शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे काटेकोर मूल्यमापन करून ते २००७ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत जास्त लाभ सर्वांत मागच्या मुलांना झाला.

पूर्वपक्ष म्हणेल, मग शिक्षकांची गरजच काय? नाही, पुरावा तसे म्हणत नाही. पुढे ‘प्रथम’च्याच पद्धतीच्या प्रयोगांत बिहारमध्ये दिसले की शिक्षकांना नुसते प्रशिक्षण देऊन वर्गात फार बदल होत नाही. हरयाणात मात्र सरकारी शाळांनी रोजचा एक तास राखून ठेवला, मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे तर त्यांना काय येते त्याप्रमाणे गट केले आणि अधिकाऱ्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून मुले वाचनात पुढे गेली. पद्धत बाहेरून आली, अधिकार आणि वेळ आतून मिळाला. दोहोंपैकी एक वगळले की उपक्रम फसतो. कुणी साताऱ्याच्या कुमठे बीटचे उदाहरण पुढे करील. तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या नेतृत्वाखाली शाळांचे रूप पालटले, याचा अभिमान मलाही आहे. पण मूल आपले ज्ञान स्वतः घडवते असे मानणाऱ्या ज्या ज्ञानरचनावादावर ते काम उभे राहिले, तो जिनिव्हाच्या पियाजे आणि मॉस्कोच्या वायगॉट्स्की यांच्याकडून आला. जिनिव्हा आणि मॉस्कोचा विचार चालतो. शेजारच्या आळीतला माणूस मात्र चालत नाही?

शेजारच्या आळीतला असे मी मुद्दाम म्हणतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या सोनगीरची ओळख किल्ल्याइतकीच तांब्या-पितळेच्या भांड्यांची आहे. तांबटाच्या कामाकडे सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमाच्या नजरेने पाहा. हंड्याचा व्यास ठरला की भोवतीचा पत्रा तिपटीहून थोडा जास्त कापायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. तोच वर्तुळाचा परीघ. ठोके पडत जातात तसा पत्रा कडक होतो, चिरण्याच्या बेताला येतो, मग तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. तिथे धातूच्या अंतर्गत रचनेचा धडा आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून कल्हई लागते आणि कल्हई धरावी म्हणून तापलेल्या भांड्यात नवसागर फिरवतात, हे रसायनशास्त्र. फळ्यावर हे सगळे सांगता येते, पण हातोडी हाती घेऊन दाखवणारा माणूस गावात असताना ते केवळ फळ्यावर का ठेवावे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. त्यामागचा विचार नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी मागणी केली होती की, प्राथमिक शाळेतले शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगर आणि सुताराची हत्यारे धरू शकणारे असावेत. कष्टकऱ्यांच्या जीवनाची जाण शाळेत यावी, ही ती मागणी होती. ज्या दिवशी तांबट शाळेत शिकवायला उभा राहतो, त्या दिवशी त्याच्या नातवाला प्रथमच कळते की आपल्या घरातही विद्या आहे. समतेचा याहून थेट पाठ कोणता?

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. त्याचा निकाल इतिहासावर सोपवू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झाले, पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत रुजले. दोघीही त्या समाजाच्या बाहेरच्या. त्या गेल्या का निघून? उरलेली हयात त्याच कामात घालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेण्याची त्यांची कल्पना अंगणवाडी या नावाने आज देशभर गावोगावी पोहोचली आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा दाखला अधिक बोलका. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात उतरले; पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. तो सुमारे तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये बंद पडला. बाहेरचे सोडून गेले म्हणून? नव्हे. मध्य प्रदेश शासनाने आदेश काढून तो बंद केला. आपल्या खानदेशातही १९७०च्या दशकात होमी भाभा केंद्राने रावेर तालुक्यात खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग केला होता. असे प्रयोग पुढे नेणारी यंत्रणा जिल्ह्यांनी उभी केली का, हा खरा प्रश्न आहे. पाहुणा टिकत नाही अशी तक्रार यजमानाने करण्याआधी त्याला बसायला पाट दिला होता का, हे पाहावे.

राहिला खासगीकरणाचा आक्षेप. त्यातली भीती मला मान्य, निष्कर्ष अमान्य. शाळेच्या पाटीवर देणगीदाराचे नाव लागू नये, हे मीही तितक्याच ठामपणे म्हणतो. पण पैसा घेणे आणि ज्ञान घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होशंगाबादला शाळा सरकारच्या राहिल्या, शिक्षक सरकारचे राहिले. वैज्ञानिकांनी मालकी मागितली नाही. तेव्हा दार बंद करण्याऐवजी अटी घाला. करार लेखी असावा आणि किमान तीन वर्षांचा असावा. संस्थेने शिक्षकाच्या डोक्यावर एकही नवा तक्ता लादू नये. पाड्यावरच्या आईला आणि तांबटाला शाल-श्रीफळ नव्हे, मानधन द्यावे. मुले काय शिकली ते ग्रामसभेत सांगावे. आणि हे सारे शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने व्हावे, कारण कायद्यानेच तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आहेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे शाळा ही केवळ शिक्षक आणि शासन यांची बाब नाही, हे संसदेने २००९ मध्येच ठरवले आहे. धुळे जिल्ह्यात डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, केंद्रप्रमुख आहेत, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी इतिहाससंस्था आहे. सोनगीरचा किल्ला शिकवताना त्या मंडळाची मदत घेतली तर कोणते खासगीकरण होते?

एक शेवटची गोष्ट वाचकांनी न्यायाच्या तराजूत घालावी. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते पालक रोजच बाहेरचे तज्ज्ञ आणतात. धुळ्याच्या शिकवणीला, पुढे कोट्याला मूल पाठवतात. इंग्रजीला एक, गणिताला एक, परीक्षेच्या तयारीला आणखी एक. त्यांना कुणी ‘बाहेरचे नकोत’ म्हणून अडवत नाही. हा नियम लागू होतो तो फक्त त्या मुलाला, ज्याच्यापाशी जिल्हा परिषदेच्या शाळेखेरीज दुसरे काहीच नाही. समतेच्या नावाने सांगितलेला जो नियम केवळ गरिबाच्या मुलावर चालतो, तो समतेचा नियम नव्हे. तो मोडला पाहिजे.