गाणी कुणाची?

१९८७ च्या ऑगस्टमध्ये वडील मला न्यायला रंगभवन या खुल्या नाट्यगृहावर आले होते. मी सतरा वर्षांचा होतो. इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाचं ते दुसरं वर्ष. साडेआठला येतो असं सांगून गेलो होतो आणि साडेनऊ झाले तरी पत्ता नाही, म्हणून ते ठाकूरद्वारहून चालत धोबीतलावला आले. पाऊस झिमझिमत होता. कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडलो, तर गेटाशी छत्री घेऊन उभे. आता चांगलीच खरडपट्टी निघणार असं वाटलं, पण मेट्रोचा चौक ओलांडेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरं वाजवतात झकास. गाणी कुणाची?"

मी नावं सांगितली. डीप पर्पल, लेड झेपलिन, आयर्न मेडन.

"ती साहेबाची झाली. यांची स्वतःची?"

"यांची नाहीत, बाबा. अशीच वाजवतात सगळे."

"यांची असतील त्या दिवशी सांग. मी येईन."

वडील साहित्य संघातल्या संगीत नाटकांवर वाढलेले. पदाला वन्समोअर कधी द्यायचा आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बालगंधर्वांची पदं शंभर जणांनी गायली, पण प्रत्येकाने आपल्या गळ्याची जागा त्यात घातली तरच ती ऐकायची, असं त्यांचं मत. त्यांच्या कानाने रंगभवन ऐकलं तेव्हा त्यांना जे खटकलं, ते आम्हा पोरांच्या लक्षातही आलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये 'इंडस क्रीड' या मुंबईच्या बँडचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला आणि आमच्या वयाच्या चाहत्यांत त्यावरून कडाक्याची भांडणं झाली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो वडिलांचा हा प्रश्न.

मुंबईतलं रॉक जुनं आहे. १९७० आणि ७१ मध्ये एका सिगारेट कंपनीने सिमला बीट नावाची स्पर्धा भरवली होती, देशभरातले बँड त्यात उतरले आणि त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. १९७२ मध्ये झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा बँड रंगभवनावर वाजवून गेला. तो कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने भरवला होता. माझ्या धाकट्या काकांनी तो पाहिला होता आणि मी गिटारचं नाव काढलं की ते त्याबद्दल सांगायला सुरुवात करत.

आपल्या मराठी माणसांपैकी एक नाव इथे घेतलंच पाहिजे, नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडास केला, रॉक बँडमध्ये गायले, आणि पुढे पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त रॉकचा तो गळा मराठी रंगभूमीवर आणला. ज्यांनी तो प्रयोग पाहिला, ते अजून त्या आवाजाबद्दल बोलतात. मराठीत रॉक बसत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी त्या नाटकाचं नाव सांगतो.

तरी ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईच्या बँडची कमाई दुसऱ्यांच्या गाण्यांवरच चालायची. कारणं सरळ होती. चांगली गिटार बाहेरून यायची आणि तिच्यावरची जकात गिटारीच्या किमतीशी स्पर्धा करायची. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेला नातेवाईक म्हणजे अर्धा बँड. धोबीतलावच्या फुर्टाडोजच्या काचेसमोर आम्ही तासन् तास उभे राहायचो, तारांची पाकिटं घ्यायचो आणि गिटार बघून परत यायचो. कंपन्यांना हिंदी सिनेमाच्या कॅसेटींतून फुरसत नव्हती. आणि ऐकणारे आम्ही! आम्हाला मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा सुराला सूर, ताणाला ताण तसाच हवा असे. एखादा सूर हुकला की पायऱ्यांवरून आरोळी उठायची. बँडचं स्वतःचं गाणं सुरू झालं की लोक चहाला उठायचे. हे मी स्वतः केलेलं आहे आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

या सवयीच्या विरोधात जो बँड उभा राहिला, तो 'रॉक मशीन'. १९८४ च्या सुमाराचा जन्म, १९८६ मध्ये उदय बेनेगल गायक म्हणून आले. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बासवर मार्क सेल्विन. सुरुवातीला तेही इतरांसारखे परक्यांचीच गाणी वाजवायचे, आणि फार चोख वाजवायचे. १९८८ मध्ये त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. सगळी गाणी स्वतःची. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'.

पहिली कॅसेट मी काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणली. आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत नावं होती. त्यात 'तिनईकर' वाचून मी थबकलो. त्या वेळी मुंबईचे पालिका आयुक्तही तिनईकरच होते, रोज पेपरात असणारं नाव. चाळीत, बँकेत, पालिकेत भेटणारं आडनाव इलेक्ट्रिक गिटारच्या नावापुढे छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. घरी फिलिप्सचा टू-इन-वन होता. वडील खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी कॅसेट लावली आणि म्हटलं, "बाबा, ही यांची." ते काही बोलले नाहीत. पेपर उघडाच राहिला, पान मात्र उलटलं नाही. एक बाजू संपून खटका उडाला. मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर आलो तेव्हा वडिलांनी उठून कॅसेट उलटून लावली होती.

रंगभवनावर हे इतक्या सहज झालं नाही. बँडने आपली गाणी सुरू केली की मागून डीप पर्पलच्या गाण्यांच्या हाका यायच्या. ते थांबायचे नाहीत. दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. 'टॉप ऑफ द रॉक' सुरू झालं की तेच लोक पहिल्या शब्दापासून गायला लागले. उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांचे व्हिडिओ एमटीव्हीवर दिसू लागले. 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. आपल्या गल्लीतल्या कुणाचा तरी गौरव व्हावा तसे आम्ही त्या दिवशी हुरळलो होतो. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला.

त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. वारा कुठे वाहतोय ते दिसत होतं. कंपन्यांना हिंदी पॉप हवं होतं, एमटीव्हीसुद्धा पुढे हिंदी गाण्यांकडे वळली. इंग्रजीत स्वतःचं लिहिणाऱ्या मुंबईच्या बँडला जागा उरली नाही. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' नावाने वेगळं संगीत केलं, न्यूयॉर्कला गेले. बाकीचे आपापल्या वाटांनी गेले.

रंगभवनही राहिलं नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर्स, जवळच कामा रुग्णालय. काही वर्षांत तिथली गाणी बंद झाली. नियमाला मी नावं ठेवत नाही. माझी आई शेवटच्या आजारात अशाच एका वॉर्डात होती आणि बाहेरच्या ढोलाने तिला झालेला त्रास मी पाहिलेला आहे. पण त्या बदल्यात दुसरी मोकळी, स्वस्त जागा शहराने दिली नाही, ही तक्रार मात्र माझी आहे. कॉलेजातल्या पोरांना परवडेल असा मंच गेला तो गेलाच. मध्यंतरी त्या जागेवर मराठी भाषा भवन उभारायचं ठरलं होतं, पुढे ते चर्नी रोडकडे न्यायचं ठरलं.

मग २०१० मध्ये बातमी आली की इंडस क्रीड पुन्हा एकत्र येतोय. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे पुढच्या पिढीतले. एप्रिल २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. आठ गाणी. मिक्सिंग टिम पामर या परदेशी तंत्रज्ञाने केलेलं, ज्याने पर्ल जॅमच्या पहिल्या अल्बमचं मिक्सिंग केलं होतं.

मी सीडी पुन्हा ऱ्हिदम हाउसमधूनच घेतली. तोवर मी डोंबिवलीला राहायला गेलो होतो. सीएसटीहून जलद गाडीत कोपऱ्याची जागा मिळाली आणि घाटकोपरपर्यंत मला काहीच कळेना. सोबत गाता येईल असं ध्रुवपद हाती लागेना. गाणी लांब, वळणावळणाची, गिटार पुढे येण्याऐवजी मागून दाटून येणाऱ्या. आवाज तोच, पण ताणून वर नेण्याचा जुना सोस त्यात नव्हता. 'फायरफ्लाइज' मी तीनदा ऐकलं, तेव्हा कुठे त्याचा आकार दिसला.

त्या आठवड्यात फोनाफोनी सुरू झाली. रंगभवनाच्या पायऱ्यांवर आम्ही पाच जण कायम एका जागी बसायचो. त्यातला एक न्यू जर्सीत, तो म्हणाला, "हे आपले नव्हेत रे, कुणीतरी दुसरेच आहेत." दुसऱ्याचं म्हणणं, गाणी उत्तम आहेत, पण नाव 'रॉक मशीन' नाही हे बरं झालं. तिसरा, जो स्वतः एके काळी बास वाजवायचा, तो नुसता जय रो कवींच्या ड्रम्सबद्दल अर्धा तास बोलत होता. जुन्या गाण्यांत ताल सरळ चालायचा, इथे तो गाण्याशी भांडतो आणि तरी सांभाळून घेतो, असं त्याचं मत. चौथ्याने ऐकलंच नाही. त्याला तरुणपणीची कॅसेट तशीच ठेवायची होती. आणि माझा भाचा, वय एकोणीस, त्याला 'टॉप ऑफ द रॉक' माहीतच नव्हतं. त्याने 'इव्हॉल्व्ह' कोऱ्या कानांनी ऐकला आणि मला विचारलं, "मामा, हे एवढे दिवस कुठे होते?"

पुढे त्यांचा कार्यक्रम लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या क्लबात पाहिला. पुढच्या रांगांत आमच्या वयाची माणसं, मागे भाच्याच्या वयाची. नवं गाणं सुरू झालं, मध्यावर ते फार हळू होतं, फक्त कीबोर्ड उरतो, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून मोठ्याने हाक गेली, "टॉप ऑफ द रॉक!" पाठोपाठ आणखी दोन-चार. मी त्या माणसाकडे पाहिलं. केस पांढरे, हातात ग्लास, चेहरा प्रेमाने फुललेला. १९८८ मध्ये याच आवाजात याच बँडला डीप पर्पलच्या गाण्यासाठी हाक मारणारे आम्हीच होतो. तेव्हा त्यांच्या गाण्याच्या आड साहेबाची गाणी आली, आता त्यांच्याच नव्या गाण्याच्या आड त्यांचं जुनं गाणं आलं होतं. फर्माईश बदलली होती, फर्माईश करणारा तोच होता.

बँडने ते गाणं पूर्ण केलं. घाई केली नाही. मग जुनं वाजवलं आणि आम्ही सगळे गायलो, मीही घसा बसेपर्यंत.

मला विचाराल तर 'इव्हॉल्व्ह' हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. पहिल्या दोन कॅसेटींवर माझं प्रेम आहे, पण त्यांत अमेरिकेतल्या बँडच्या आवाजाची सावली ठिकठिकाणी पडते. चाल त्यांची स्वतःची, बाज मात्र उसना. १९९५ च्या अल्बममध्ये ते स्वतःचा रस्ता शोधत होते. 'इव्हॉल्व्ह'मध्ये मला पहिल्यांदा कुणाचीही आठवण न होता सलग आठ गाणी ऐकता आली. कुणाला खूश करायचंय असं त्यात कुठेही जाणवत नाही. दुसऱ्यांच्या गाण्यांवर सुरुवात केलेल्या बँडला इथवर यायला पाव शतक लागलं, आणि त्यातली तेरा वर्षं तर बँडच नव्हता.

वडील १९९९ मध्ये गेले. त्यांनी हा अल्बम ऐकला नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात पुरेपूर आहे असं मला वाटतं.

ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. सीडी माझ्याकडे आहे. ज्यांनी 'इव्हॉल्व्ह' २०१२ मध्ये एकदा ऐकून जुन्या गाण्यांसारखा नाही म्हणून बाजूला ठेवला, त्यांना माझी विनंती आहे: पुन्हा काढा. पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत सलग ऐका, मध्ये दुसरं काही लावू नका.