लिस्टला वारस नव्हता

पायथनचं कौतुक बहुतेकदा तिच्या सुटसुटीत मांडणीसाठी होतं. मला मात्र तिच्या पोटात दहा वर्षं उभी असलेली एक भिंत आणि ती पाडण्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या गीडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. तिचा इंटरप्रीटर सी भाषेतला. त्यातल्या प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर दोन नोंदी असतात : तिला किती जणांनी धरून ठेवलंय हा आकडा आणि तिच्या प्रकाराचा पत्ता. प्रकार म्हणजे सीमधला एक तक्ता; बेरीज कशी करायची, लांबी कशी मोजायची, याची फंक्शनं त्यात मांडलेली. नवा तक्ता भरला की सीमधली परकी वस्तूही पायथनमध्ये सुखाने नांदे.

१९९१च्या पहिल्या आवृत्तीत क्लासही होते, पण ते या व्यवस्थेला बाजूने जोडलेले. तुम्ही कोणताही क्लास लिहा, त्याच्या वस्तूचा प्रकार विचारला की उत्तर एकच : ‘इन्स्टन्स’. उलट बाजूने, सीमध्ये जन्मलेल्या लिस्टपासून नवा क्लास काढता येत नसे. त्यासाठी ‘यूजरलिस्ट’ नावाचं वेष्टन होतं. ते खरी लिस्ट पोटात ठेवून प्रत्येक काम तिच्याकडे सोपवी. पण खरी लिस्टच मागणारं सी-कोड त्याला दारातूनच परत पाठवी. जिम फुल्टन यांनी ‘एक्स्टेन्शनक्लास’ लिहून बाहेरून पूल बांधला. गरज किती निकडीची होती, हे त्यावरून कळतं.

डिसेंबर २००१मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीने प्रकार आणि क्लास एक केले. युक्ती तक्त्यातच होती. तुम्ही पायथनमध्ये लांबी मोजण्याची पद्धत लिहिली, की तक्त्यातल्या त्या रकान्यात तिला हाक मारणारं सी-फंक्शन बसवलं जातं. हाक मारणाऱ्याला पलीकडे सी आहे की पायथन, हे कळायची गरजच उरत नाही.

जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुने क्लासही राहू दिले. नवा हवा असेल तर कंसात ‘ऑब्जेक्ट’ लिहायचं. हा दुहेरी संसार डिसेंबर २००८मध्ये, ३.० आवृत्तीत संपला. भाषेच्या कर्त्यांना मिळणारी सोय वापरणाऱ्यांनाही देण्याचं काम असं दोन टप्प्यांत झालं, आणि दुसऱ्याला सात वर्षं लागली.