‘मेंटॉर’ शब्दाचा अर्थविकास

अनुभवी व विश्वासू मार्गदर्शक या अर्थी इंग्रजीत रूढ असलेला ‘मेंटॉर’ हा शब्द होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यातून आला, असे सामान्यतः सांगितले जाते. नावापुरते हे विधान खरे आहे. अर्थापुरते मात्र ते अपुरे ठरते.

इथाकेचा राजा ओडिस्यूस ट्रॉयच्या युद्धास जाताना आपले घर मेंटॉर या मित्राच्या हवाली करतो. परंतु राणी पेनेलोपीच्या प्राप्तीसाठी राजवाड्यात ठाण मांडून बसलेल्या उमरावांना रोखणे त्यास साधत नाही. दुसऱ्या सर्गात तो भरसभेत नागरिकांच्या मौनाचा निषेध करतो. त्याचे बोलणे तत्काळ धुडकावले जाते. राजपुत्र टेलेमाकस यास धीर देऊन पित्याच्या शोधार्थ नेणारी असते देवी अथीना. तिने मेंटॉरचे केवळ रूप धारण केलेले असते. होमरचा मानवी मेंटॉर निष्ठावान आहे, पण समर्थ मार्गदर्शक नव्हे.

हे सामर्थ्य त्याच्या नावाशी कायमचे जोडले ते फ्रेंच धर्मगुरू फेनेलाँ याने. १६८९ मध्ये चौदाव्या लुईच्या नातवाचा, म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकचा, शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. या शिष्यासाठी लिहिलेली त्याची ‘तेलेमाक’ ही कादंबरी १६९९ मध्ये त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध झाली. तीत मेंटॉर, म्हणजे वेषांतर केलेली मिनर्व्हा देवी, अखेरपर्यंत राजपुत्रासोबत राहतो आणि युद्धलालसा, विलास व खुशामत यांपासून राजांना परावृत्त करतो. ही आपल्याच राजवटीवरील टीका होय, अशी लुईची समजूत झाली. धार्मिक वादामुळे १६९७ पासूनच दरबारातून दूर झालेल्या फेनेलाँला पुन्हा तेथे स्थान मिळाले नाही. ग्रंथ मात्र युरोपभर वाचला गेला. १७५० मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डने पुत्रास लिहिलेल्या पत्रात ‘मेंटॉर’ सामान्यनामासारखा आढळतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने या नावाचा संबंध ‘विचार करणे’ या अर्थाच्या मूळ इंडो-युरोपीय धातूशी जोडला जातो. संस्कृतातील ‘मन्’ धातू त्याच कुळातील असून ‘मंत्रणा’ व ‘मंत्री’ हे शब्दही त्याच्याच परिवारातील आहेत. या नात्याने अर्थाची एक विसरलेली बाजू पुन्हा दृष्टीस पडते. आज ‘मेंटॉर’ म्हणजे शिष्याच्या उत्कर्षाची वाट दाखविणारा. होमरच्या सभेत आणि फेनेलाँच्या जीवनात मात्र तो सत्तेपुढे अप्रिय हित सांगणारा होता. आणि त्या सांगण्याची किंमतही त्यास मोजावी लागली होती.